आंटींचा दोदोल आणि आमची ढेप

पत्रादेवीला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे एमएच १२, मागे एमएच १४, मध्ये आम्ही एमएच ०९. कोल्हापुरातून पहाटे साडेचारला निघून आजरा, आंबोली, सावंतवाडी असं झकास आलो होतो. आंबोलीत धुक्यात चहा झाला, गाडीत गाणी झाली, आणि गोव्याच्या वेशीवर बघतो तर अख्खा महाराष्ट्र रांगेत उभा. २३ डिसेंबरला गोव्याला जायची कल्पना माझी. बायकोनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, बोलली काहीच नाही. ते जास्त लागलं.

मागच्या सीटवर आई आणि नऊ वर्षांची लेक. आईच्या पायाशी पिशवी, पिशवीत पाच किलोची गुळाची ढेप आणि कांदा-लसूण चटणीची बरणी. वन्संकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, हा तिचा प्रश्न. गोव्यात गूळ मिळतो गं, असं मी म्हणून पाहिलं. "मिळत असेल. तो गूळ नव्हे," एवढंच उत्तर आलं.

माझी आत्या पणजीत मळ्यात राहते. अल्तिन्योच्या टेकडीच्या पायथ्याची ही जुनी वस्ती. वर मारुतीचं देऊळ, खाली फोंते फिनिक्स नावाचा जुना झरा, आणि चार पावलं चाललं की फोंतेन्यास. आत्या लग्न होऊन इथं आली त्याला तीस वर्षं उलटली. मराठी अजून कोल्हापूरचीच आहे, हेल मात्र पार बदललाय. "पावलो रे एकदांचो?" असं दारातच तिनं विचारलं आणि आईनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे भाषांतर कर.

शेजारच्या दारावर कागदी चांदणी लटकत होती, आत दिवा. गोव्यात तिला नखेत्र म्हणतात. लेकीनं ती बघून लगेच जाहीर केलं की यांनी दिवाळीचा आकाशकंदील काढलाच नाही. आत्या हसली. म्हणाली, "माझा उतरतो, मग आंटींचा चढतो. मधे पंधरा-वीस दिवस काय तो काळोख." आंटी म्हणजे शेजारीण, सत्तरीच्या. त्यांचं नाव अख्ख्या गल्लीला माहीत असेल, पण हाक सगळे आंटी अशीच मारतात.

पणजी पाहून लेक नाराज झाली. राजधानी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर मुंबई होती. "आपलं कोल्हापूर याच्यापेक्षा मोठं आहे," हे तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण पणजी पायी बघण्याचं शहर आहे, आणि नाताळात तर गाडी दारात सोडून देण्यातच शहाणपण. आम्ही पहिल्या दिवशी दुपारी गाडी काढायची चूक केली, पाऊण तास जागा शोधत फिरलो आणि पुन्हा दारातच आणून लावली. मग तीन दिवस चप्पल झिजवली.

संध्याकाळी पणजीच्या चर्चची ती नागमोडी पांढरी पायरी उजळली की खाली चौकात उभं राहून नुसतं बघत बसावं. १५४१ मध्ये इथं छोटं प्रार्थनाघर होतं, पुढे त्याचं मोठं चर्च झालं. वरच्या कमानीत जी भलीमोठी घंटा दिसते ती मूळची जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली. तिथून मांडवीच्या काठाला आलो तर नदीत कॅसिनोची जहाजं लखलखत होती. आईनं बराच वेळ निरखून विचारलं, "एवढ्या दिव्यांचं बिल कोण भरतं?" मी म्हटलं, हरणारे भरतात. नदीपलीकडे बेतीला जाणारी फेरीबोट चालत्या माणसाला फुकट आहे, हे कळल्यावर ती जहाजं विसरून आई आणि लेक दोघी तीन वेळा जाऊन आल्या. मांडवीचा वारा, दोन्ही काठांवरचे दिवे, आणि खर्च शून्य. माझ्या मते हा पणजीतला सगळ्यात चांगला कार्यक्रम आहे.

जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पुढे फ्रान्समध्ये संमोहनविद्येसाठी गाजला. पुतळ्यात तो हात पसरून उभा आहे आणि समोर एक बाई कोसळतेय. आई म्हणाली, "हा अंगातलं उतरवतोय." मी पुष्कळ समजावलं. तिला तिचंच पटलं.

फोंतेन्यासबद्दल थोडं चिडूनच लिहितो. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, छोट्या बाल्कन्या, दाराशेजारी निळ्या-पांढऱ्या टाइलवर रंगवलेलं घराचं नाव. सगळं सुंदर आहे यात वाद नाही. पण ही लोकांची घरं आहेत. आम्ही सकाळी साडेनवाला गेलो तेव्हा एका पायरीवर एक मुलगी तिसरा ड्रेस बदलून पोज देत होती आणि घरातले आजोबा दूध आणायला बाहेर पडायची वाट बघत दारात ताटकळत उभे. घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाट्यांचेही फोटो निघत होते. आम्हीही दोन काढले, खोटं कशाला बोलू. मग लाज वाटून सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलात जाऊन बसलो. तिथला क्रूसावरचा येशू डोळे उघडे ठेवून आहे. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. तिथं त्या उघड्या डोळ्यांसमोर काय काय चाललं असेल, या विचारानं मला तिथं फार वेळ बसवेना.

सकाळी गल्लीत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, सायकलचा भोंगा पों पों वाजवत, टोपलीत पोई आणि उंडे घेऊन. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, पोई फोडता फोडता लेकीला खेळ लावून दिला: पोर्तुगीजांनी मराठीत टाकून गेलेले शब्द शोध. पाव झाला. बटाटा, अननस, कोबी. साबण, बादली, चावी. "आणि नाताळ," काका म्हणाले. नाताळ म्हणजे पोर्तुगीजांचा नाताल, जन्म. आयुष्यभर आपण तो शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरात वाचतो आणि मराठीच समजतो. लेकीला सगळ्यात आवडला तो पगार. बायको म्हणाली, शब्द देऊन गेले, वाढवायचा कसा ते नाही सांगितलं.

२४ तारखेला सकाळी कदंबच्या बसनं जुन्या गोव्याला गेलो. इथं मात्र लेकीला तिचं मोठं शहर दाखवता आलं, फक्त ते उरलेलं नाही. गोवा पाहिला त्यानं लिस्बन नाही पाहिलं तरी चालेल, अशी पोर्तुगीजांत म्हण होती, ती या गावावरून. पुढे पटकी आणि हिवतापानं शहर रिकामं होत गेलं, राजधानी पणजीला आली, आणि मागे चर्चेस तेवढी राहिली. से कॅथेड्रलचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं. त्याला पूर्वी दोन मनोरे होते. एक १७७६ मध्ये पडला, तो पुन्हा कुणी उभारला नाही. त्यामुळे इमारत एका बाजूला दात पडल्यासारखी दिसते. सेंट ऑगस्टिनचा तर अर्धा बुरूजच उभा आहे, आकाशात घुसलेला तांबड्या दगडाचा सुळका. जांभ्याचे हे अवशेष बघताना आईला पन्हाळा आठवला. मला नाही आठवला, पण मी हो म्हटलं.

बॉम जेझू बॅसिलिकात गर्दी इतकी की रांग बागेतून वळसे घेत होती. सेंट फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर १५५२ मध्ये वारले, आणि त्यांचं शव १५५४ मध्ये गोव्यात आलं. चांदीची पेटी इतकी उंचावर ठेवलेली आहे की खालून मान वाकडी करूनच बघावी लागते. दर दहा वर्षांनी ते शव खाली आणून दर्शनाला ठेवतात. मागचं दर्शन ५ जानेवारी २०२५ ला संपलं. आई चप्पल काढूनच आत शिरली. तिथं चप्पल काढायची नसते हे तिला कुणीतरी सांगितलं. "असू दे," म्हणाली, आणि हात जोडले. लेकीनं विचारलं, आज्जी, काय मागितलंस? "मागायचं काय, पाहुणे आहोत."

मंगेशी, म्हार्दोळ घाईघाईत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरलं नाही. समुद्र फक्त मिरामारचा बघितला. कळंगुट-बागाच्या रस्त्याची अवस्था काकांनी वर्णन करून सांगितली, तेवढ्यावर भागवलं.

खरा नाताळ झाला तो रात्री, आंटींच्या मिशीला. (मीस म्हणजे मास, चर्चमधली प्रार्थना, मिशांशी संबंध नाही, हे लेकीला दोनदा सांगावं लागलं.) आंटींनीच बोलावलं, आणि आत्या म्हणाली, वहिनी, चला. चर्चच्या अंगणात मांडव, खुर्च्या, कोपऱ्यात पेंढ्याचा गोठा, त्यात गाय, गाढव, मेंढ्या आणि एक प्लॅस्टिकचा डायनासोर, जो कुणा पोरानं भक्तिभावानं ठेवला असणार. बाप्ये सुटात, बायका झग्यांत, आम्ही स्वेटरमध्ये. सगळं कोंकणीतून चाललं होतं. "आमच्या बापा" असं सगळ्यांनी एका सुरात म्हटलं तेव्हा आईनं माझा हात दाबला. तिला कळलं होतं. निम्मं कळत होतं, निम्मं सुटत होतं, कीर्तनात मागच्या रांगेला बसल्यासारखं. मला फादर स्टीफन्स आठवला. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा जेझुइट पंथाचा इंग्रज पाद्री. त्यानं येशूची कथा मराठी ओवीत लिहिली आणि १६१६ मध्ये ती छापली गेली. म्हणजे हा जन्मसोहळा चारशे वर्षांपूर्वी इथं आपल्याच ओवीतून सांगितला जात होता. बायकोला हे सांगायला लागलो तर ती म्हणाली, हळू बोल, फादर बघतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आंटी ताट घेऊन आल्या. वर विणलेला रुमाल, खाली नेवऱ्या, कुलकुल, दोदोल आणि बेबिंकाची एक वडी. शेजारीपाजारी असं ताट पाठवायची इथं रीत आहे, आपल्या दिवाळीच्या फराळाचं ताट जातं तसं. बेबिंकात अंड्यांची पिवळी असतात हे कळल्यावर आईनं ती बशी हळूच माझ्याकडे सरकवली. माझा फायदाच झाला. एकेक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, तो लाल झाला की पुढचा. अशा थरांची ती वडी मी तीन घासांत संपवली याची आता खंत वाटते.

नेवरी म्हणजे करंजी, तेव्हा तिच्यावर आईचा अभिप्राय येणारच होता. मुरड बरी आहे, पारी किंचित जाड. हे ती मराठीत म्हणाली आणि आंटींना नीट कळलं. त्या खळखळून हसल्या, म्हणाल्या, "हातांत जोर ना आतां बाये."

मग आईनं दोदोल तोंडात टाकला आणि गप्प झाली. काळसर, मऊ, तकतकीत वडी. पुन्हा एक घेतली. "हा उसाचा गूळ नव्हे."

आंटी चमकल्या. माडाचं गोड ते, माडाच्या सुरेपासून केलेलं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि तो काळा गूळ तांब्याच्या मोठ्या भांड्यात घालून तासन् तास ढवळायचं, हात थांबला की लागलं बुडाला. आई म्हणाली, "म्हणजे गुऱ्हाळातली काहीलच की." पुढचा अर्धा तास त्या दोघी आच, फेस, गोळी कधी बसते आणि कधी फसते यावर बोलत होत्या, एक कोल्हापुरी मराठीत आणि एक पणजीच्या कोंकणीत. आत्यानं मधे भाषांतराला तोंड उघडलं तर दोघींनी तिला हातानंच थांबवलं.

आंटी उठल्या तेव्हा आईची धावपळ उडाली. ताट रिकामं परत द्यायचं नाही. मला बत्ता आणायला सांगितला, पिशवीतली ढेप बाहेर आली, आणि वन्संसाठी आणलेल्या गुळाचा चांगला निम्मा भाग त्या विणलेल्या रुमालाखाली गेला. आंटींनी कोपऱ्याचा तुकडा मोडून चाखला. "देव बरें करूं," म्हणाल्या, मग थोडं थांबून, "दोदोलाक जांवचो ना हो." आत्यानं यावेळी भाषांतर केलंच नाही. पण आईला कळलं असणार, कारण ती म्हणाली, "तुमच्या गुळाची पुरणपोळी तरी कुठं होतेय?"

२७ तारखेला निघताना आत्यानं घाईत वाटेसाठी काहीबाही बांधून दिलं. येताना पत्रादेवीचा रस्ता मोकळा होता. सगळे अजून तिकडेच, ३१ ला ओल्ड मॅनचा, म्हणजे सरत्या वर्षाचा, पुतळा जाळायला थांबलेले. घरी पोचल्यावर आईनं सामान लावलं, तेव्हा एक ओळखीचा नसलेला स्टीलचा डबा निघाला. आत दोदोलाच्या सहा वड्या. रिकामा करून घासायला उलटा केला तर बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आंटींचं नाव.

आईनं डबा पुसून फळीवर ठेवला. रात्री जेवताना तिनं मला विचारलं, "संक्रांतीला रस्ता मोकळा असतो का रे?"