तुम्ही विचारलंत म्हणून : पोराशी घरी ‘शुद्ध’ बोलावं का?

मी यवतमाळ जिल्ह्यात विशेष शिक्षिका आहे. एका शाळेत बसत नाही, गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा आणि अंगणवाड्या फिरते. अंगणवाडीच्या दारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठून आयाबाया मला एकच विचारतात. "मॅडम, आमी घरी सारं वऱ्हाडीच बोलतो. त्याच्यानंच पोट्ट्याचं बोलणं मांगं रायलं का? आता शुद्ध बोलाव का त्याच्याशी?" हल्ली ‘शुद्ध’च्या जागी ‘इंग्लिश’ येतं. बाकी प्रश्न तोच.

तर, नाही. वऱ्हाडीनं कोणाचंच बोलणं मागं राहत नाही. ज्या बोलीत तुम्ही भांडता, हसता, शेजारणीशी तासभर बोलता, तीच पोराशी बोला. एवढं सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण या प्रश्नाआड बहुतेकदा वेगळीच अडचण दडलेली असते, आणि ‘शुद्ध बोलू का’ करता करता तिच्याकडे बघायचंच राहून जातं.

आधी शुद्ध बोलण्यानं घरात काय होतं ते सांगते. घाटंजीकडच्या एका घरी गेले होते. आई बारावी शिकलेली, पोरगी अडीच वर्षांची. शेजारीण आली तेव्हा या बाईच्या तोंडाला खंड नव्हता. पोरीकडे वळली की आवाजच बदलायचा. "बाळा, हे काय आहे? हे सफरचंद आहे. सफरचंद बोल. बोल ना. रंग कोणता? लाल बोल." पोरगी गप्प. दोन-चार वाक्यांत आईजवळची शुद्ध भाषा संपली आणि पोरीच्या हाती मोबाईल आला. मोबाईल नेमका बंद पडला, तशी पोरगी सरकत ओसरीत गेली. तिथं आजी सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती.

"काय पाह्यतं वो माय? हा पाह्य खडा. काया खडा."

"खला."

"खडा व्हय. फेक त्याले."

पोरीनं फेकला. आजी काहीच बोलली नाही, नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"खला गेला," पोरगी म्हणाली.

"गेला? कुठी गेला खडा?"

"तिकं. कोंबली."

"कोंबडीकडं गेला! कोंबडी खाते का खडा?"

पोरगी खुदकन हसली. "नाई खात."

या बोलण्यात आजीनं ‘बोल’ असं एकदाही म्हटलं नाही. पोरीचा ‘खला’ तिनं खोडला नाही, आपल्या बोलण्यातून ‘खडा’ पुन्हा ऐकवला. ‘तिकं, कोंबली’ एवढंच आलं, तर त्याचं पुरतं वाक्य करून परत दिलं. आणि मुख्य म्हणजे ती थांबली. वाचा-उपचारवाले आईबापांना शिकवतात ते बहुतेक हेच. आजीला त्याची नावं ठाऊक नव्हती, गरजही नव्हती. आईला मी तेव्हा एवढंच म्हटलं, की सासूबाईंजवळ बसत जा, आणि काही विचारलं की मनात पाचपर्यंत मोजल्याशिवाय पुढचं बोलू नका. पाच मोजणं ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, तीनवरच आपलं तोंड उघडतं.

एका कॉन्व्हेंटनं पालकांना सांगितलं होतं म्हणे, की घरी मराठी बंद करा, इंग्रजीच बोला. ज्या घरात बापाला इंग्रजीची दहा वाक्यं येतात, त्या घरच्या लेकरानं दहा वाक्यांवर दिवस काढायचा का? इंग्रजी शिकू द्या, माझी ना नाही. पण गोष्ट सांगणं, कारण विचारणं, ‘काल काय झालं’ हे ओळीनं सांगणं एकदा एका भाषेत पक्कं झालं की दुसऱ्या भाषेत ते उचलायला सोपं जातं. पहिलीच कच्ची ठेवली तर दुसरी उभी कशावर राहणार? आणि घरात दोन भाषा असल्यानं मूल उशिरा बोलतं, हाही समज खोटा आहे. फक्त मुलाला किती शब्द येतात ते मोजताना दोन्ही भाषांतले मोजायचे.

आता बोबडेपणाचं. आजी ‘काया खडा’ म्हणाली. आपल्याकडे डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया, फळ्याचा फया. पहिलीतल्या मुलानं ‘शाया’ म्हटलं म्हणून ‘उच्चारदोष’ असा शेरा मारलेला मी पाहिलाय. अहो, सारं गाव तसंच बोलतं! मूल आपल्या गावच्या मोठ्या माणसांसारखं बोलत असेल, तर त्यात दोष कसला? मोठ्यांपेक्षा वेगळं बोलतं तेव्हा बघायचं. ‘काका’चं ‘ताता’, ‘रोटी’ची ‘लोटी’. तेही लहानपणी चालायचंच, र आणि श तर उशिरानंच येतात. ढोबळ हिशोब असा : तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं परक्या माणसाला कळायला हवं, आणि पाचव्यापर्यंत जवळजवळ सगळं. शाळेत जाणाऱ्या मुलाचं बोलणं फक्त त्याच्या आईलाच कळत असेल, तर मात्र दाखवून घ्या.

वर्गात बोलीची गाठ आणखी एका ठिकाणी पडते. भिंतीवरच्या तक्त्यात कोथिंबिरीची जुडी असते, पोरगं म्हणतं सांबार. टमाट्याला भेदरं, बैलगाडीला बंडी, शेताला वावर. गुरुजी ‘चूक’ म्हणाले की ते पोरगं पुढच्या चित्राला तोंडच उघडत नाही. त्यापेक्षा ‘हो, सांबार, पुस्तकात त्याला कोथिंबीर म्हणतात’ असं म्हणून पुढं जावं, पोराकडे दोन शब्द होतात. होता होईल तो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत तसं व्हावं असं म्हटलंय. आपल्या शाळा म्हणतात, आमचं माध्यम मराठीच आहे की. आहे, पण कोणाची मराठी?

कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, तर मराठीसुद्धा नाही. कोलामी ही तेलुगूच्या कुळातली, द्राविडी भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. तिथलं लेकरू पहिलीत येतं आणि महिनोन्महिने गप्प बसतं. गुरुजी मला म्हणतात, "हे बघा मॅडम, मतिमंद वाटते." मी आधी पोडावर जाऊन येते. त्या पोराचा भाऊ, आजा, बकऱ्यांमागची पोरं, यांच्याशी ते बोलतं का? कोलामीत घडाघडा बोलत असेल, तर उपचार वर्गावर करायचा. पोडावरची मदतनीस किंवा चौथीतली एखादी पोरगी दुभाषी म्हणून जवळ बसवा, रोजच्या कामाची पाच-पन्नास कोलामी वाक्यं गुरुजींनीच शिकून घ्या. मेळघाटात कोरकूचं, भामरागडकडे माडियाचं तसंच. घरीही बोलत नसेल तर मात्र पुढं जायचं, आणि पहिल्यांदा जायचं ते कानाकडे.

कानाबद्दल मी जरा जास्तच बोलते, असं माझ्या घरचे म्हणतात. बोलू द्या. साडेतीन वर्षांचं एक पोरगं होतं, सगळ्या शब्दांचा नुसता आ-ऊ करायचं. आजी शपथेवर सांगत होती की ऐकू येतं. "अवं, कुल्फीवाल्याचा भोंगा वाजला का सुसाट पयते ना बाहीर!" खरंच होतं. भोंगा ऐकू येतच होता. थाळी वाजवली, दार आपटलं, ट्रॅक्टर आला, तरी वळायचं. पण अर्धवट ऐकणाऱ्या मुलाला मोठे, जाडे आवाज ऐकू येतात आणि स, श, थ, फ यांसारखे बारीक निसटतात. शब्द पुरता कानात शिरतच नाही, तर तो तोंडातून पुरता येईल कसा? मी त्याच्या मागं उभी राहून, त्याला दिसणार नाही अशी, हळूच ‘साखर घे’ म्हटलं. ते मातीत रेघोट्या ओढत राहिलं. या पोराचा कान दर पावसाळ्यात फुटायचा आणि घरचे त्यात कोमट तेल सोडायचे. कान वाहतो म्हणजे पडद्याला भोक असू शकतं, त्यात तेल घालू नये. न वाहतासुद्धा पडद्यामागं पाणी साचून ऐकणं मंद होतं, आणि मूल ‘कुठं दुखतं’ तेही सांगत नाही. मूल ‘ध्यान देत नाही’, ‘हट्टी आहे’, टीव्ही मोठा करतं, सर्दी झाली की जास्तच बधिर वागतं, तर आधी कान तपासा. मग शिस्तीचं बघू.

तपासणीची भीती नको. लहान बाळाची ओएई नावाची ऐकण्याची तपासणी कानात बारीक बोंडी ठेवून होते. बेरा नावाच्या तपासणीत मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का बघतात. दुखत नाही. मुलानं काही सांगावंही लागत नाही, म्हणून ती तान्ह्या बाळाचीही करता येते.

‘याचा बापबी पाच वर्साचा व्हता तवा बोलला’ हे वाक्य घरोघरी आहे. बाप बोलला, चांगलं झालं. सगळेच बोलत नाहीत, आणि कोण आपोआप बोलेल ते घरबसल्या ओळखता येत नाही. वर्षाचं झालं तरी बाळ नावानं वळत नाही, बोट दाखवत नाही, बा-बा-दा-दा करत नाही. दीड वर्षाला अर्थाचा एकही शब्द नाही. दोन वर्षांला ‘आई पानी’ असे दोन शब्द जोडत नाही. किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गळून गेले, तर ‘शाळेत टाकलं की बोलंल’ म्हणत बसू नका. मधात वेखंड उगाळून जिभेला चोळणं थांबवा. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध देऊच नये, त्यातून बोटुलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. जीभ खाली चिकटलेली असली तर फार तर एखाददुसरा उच्चार अडतो, मूल बोलतच नाही असं त्यानं होत नाही.

अडखळत बोलणाऱ्या मुलांबद्दल थोडंच. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान पुष्कळ मुलं अडखळतात, बऱ्याच जणांचं आपोआप सुटतं. ‘सावकाश बोल’, ‘नीट बोल’ म्हणू नका, त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. तुम्हीच सावकाश बोला. सहा महिन्यांवर चाललं, किंवा बोलताना मूल तोंड वेडंवाकडं करून झटू लागलं, तर दाखवा.

मोबाईलचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून उपदेश करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको. पण कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जाते, घरी गुडघे दुखणारी आजी आणि धावणारं पोरगं. तिनं मोबाईल दिला तर तिला काय बोलणार? मी आजीला मोबाईल हिसकून घ्यायला सांगत नाही, जेवताना तेवढा बाजूला ठेवा म्हणते. आणि संध्याकाळी आई आली की भाकर थापताना पोराला चुलीपासून लांब, पण बोलण्याच्या टप्प्यात बसवा. मामाशी व्हिडिओ कॉल चालेल, तिथं निदान समोरचा उत्तर देतो.

शाळांना मी सांगते, नवे तक्ते मागवण्याआधी भुलाबाई आठवा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या पोरी गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायला लावतात. डबा झाकलेला, खुळखुळ वाजवायचा, आणि बाकीच्यांनी विचारायचं. गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? गोल का चपटं? दाताखाली वाजते का? एका वर्गात बाईंनी हे दर शनिवारी सुरू केलं, पोरांनाही घेतलं. जे पोरगं वर्गात तोंड उघडत नव्हतं, त्याच्याच हाती डबा दिला. आत काय आहे ते फक्त त्याला माहीत, त्यामुळे सगळा वर्ग त्याच्या तोंडाकडे बघणार. आधी नुसती मान हलवून हो-नाही. मग ‘नाई’ असं तोंडानं. पुढं एकदा सगळे चिवड्यावर अडून बसले, तेव्हा ते ओरडलं, "नाई बे, मुरमुऱ्याचा लाडू हाये!" बाईंनी ‘बे’ म्हटल्याबद्दल त्याला काही म्हटलं नाही, हे मला फार आवडलं.

दाखवायचं कुठं, तेही विचारता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथकं 2013 पासून आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतात, आणि 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात. बोलणं उशिरा येणं, कमी ऐकू येणं, कान वाहणं हे सगळं त्यांच्या यादीत आहे. पथक यायचं त्या दिवशी पोराला वावरात नेऊ नका. तिथून चिठ्ठी मिळाली की पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं. पथकाची वाटच बघायला हवी असं नाही, आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही चिठ्ठी घेता येते. जाताना लसीकरणाचं कार्ड, बाळंतपणाचे कागद, आधार घ्या. बाळ कमी दिवसांचं होतं का, कावीळ किंवा मेंदूज्वर झाला होता का, घरात कोणी जन्मापासून बहिरं आहे का, हे लिहूनच न्या, ऐनवेळी आठवत नाही. आणि आदल्या दिवशी मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. पोरगं घरी खेळताना, आजीशी बोलताना, वऱ्हाडीतच. दवाखान्यातला पांढरा कोट बघून चांगलं बोलणारी पोरंही मुकी होतात, मग डॉक्टर तरी काय ओळखणार.