चोपदाराचा दंड वर जातो तेव्हा

आषाढी वारीत पुणे ते सासवड ही ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवरची मोठी मजल, सुमारे ३० किलोमीटर, आणि शेवटी दिवे घाट. पायाला फोड येतात त्याचा दोष आपण चढाला देतो, पण ते येतात ओल्या मोज्यांनी नाहीतर नव्याकोऱ्या चपलांनी. भिजलेली कातडी मऊ पडते, घासली की सुटते. म्हणून विसाव्याला पाय कोरडे करावेत, कोरडे मोजे चढवावेत. फोड आलाच तर वरची कातडी ओढू नये. एवढं दोन दिवसांत कुणीही शिकतो.

टँकर, फिरती शौचालयं, दवाखान्याच्या गाड्या, रुंद रस्ता, हे सगळं आम्हाला हवंच आहे. उघड्यावर बसण्यात भक्ती कधीच नव्हती, हाल होते, बायाबापड्यांचे तर फारच. पण टँकर रिकामा का होतो ते तोटीपाशी उभं राहून बघावं. एकजण हातपाय धुऊन तोटी तशीच सोडतो, दुसरा तीन कॅन लावतो आणि मागे म्हातारी तांब्या घेऊन ताटकळते. शौचालय तुंबतं ते आत टाकलेल्या बाटल्या-पिशव्यांनी. अन्नदानाच्या रांगेत गरजेपेक्षा जास्त घेतलेला भात पुढच्या वळणावर गटारात दिसतो. रस्ता चौपदरी झाला, दिंडीतली ओळ मात्र तुटायला लागली, कारण पुढे घुसायला जागा मिळाली. गळ्यात तुळशीची माळ आहे, ती कशासाठी घातली?

म्हणून आम्हाला समाजआरती मोलाची वाटते. मुक्कामाच्या तळावर दिंड्या जमतात, टाळांचा गजर चालू असतो. पालखी सोहळ्याची शिस्त राखणारा चोपदार दंड उंच धरतो आणि एवढा जमाव क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. भांडण नाही, आरडाओरडा नाही; गाऱ्हाणं ऐकलं गेल्याशिवाय टाळ थांबत नाहीत.

मग हरवलं-सापडलं पुकारतात. चष्मा, पिशवी, पैशांचं पाकीट. या यादीत सापडलेल्या वस्तू किती, इकडे आमचं लक्ष असतं. पाकीट आणून देणारा आधी खूण विचारतो: आत किती नोटा, कुणाचा फोटो? खूण पटली की पाकीट हातात देतो. घेणारा वाकतो, देणाराही वाकतो, दोघं ‘माउली’ म्हणतात आणि अंधारात आपापली राहुटी शोधत निघतात.