शिरांची वही : कॅल्साइटवरून शेलची पारख

शेल म्हणजे चिखलापासून बनलेला पातळ थरांचा खडक. त्यातल्या शिरा, म्हणजे खनिजाने भरलेल्या भेगा, बघून तिथे तेल-वायू असेल का याचा अंदाज बांधायचा, त्यासाठी ही वही. साताऱ्याच्या खाणींत बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाच्या, भेगांतला कॅल्साइट आणि पोकळ्यांतला स्टिल्बाइट ही खनिजं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. इथे तेलाचा प्रश्न येत नाही, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात सेंद्रिय पदार्थ कुठून असणार? पण शीर वाचायचा सराव इथेच झाला आणि तो आता शेलवर वापरतोय.

मावसभावाने इंग्लंडमधल्या चारमथच्या किनाऱ्यावरून शेलचा तुकडा पाठवलाय. काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड टाकून ४०० आणि मग १००० नंबरने घासला. शीर थरांना समांतर आहे, तिच्यातले कॅल्साइटचे तंतू मात्र थरांना काटकोनात उभे. मधोमध काळपट रेघ, म्हणजे वाढ तिथून दोन्हीकडे झाली. भिंगाखाली हे इतकं स्पष्ट दिसतं की तासन्‌तास बघत बसावं!

तंतू उभे म्हणजे भेग वर-खाली उघडली. वरच्या खडकाचं वजन पेलण्याइतका द्रवाचा दाब त्यासाठी लागतो. घट्ट शेलमध्ये सेंद्रिय पदार्थाचं तेल-वायू होताना असा दाब तयार होतो. अर्जेंटिनातल्या वाका मुएर्ता शेलमध्ये अशा शिरांत बिटुमेनही (डांबरासारखा घट्ट तेलकट पदार्थ) सापडलंय. तरी तंतू दिसले की तेल आहेच, असं धरू नये. स्फटिकात अडकलेले तेलाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली अतिनील प्रकाशात चमकतात; मात्र मँगनीजमुळे कॅल्साइट स्वतःही नारिंगी-लाल चमकतो. नुसत्या अतिनील टॉर्चवर विसंबू नका.

थर कापत उभ्या जाणाऱ्या शिरांचं गणित वेगळं. त्या जाड नि पुष्कळ असल्या तर वायू त्या वाटेने निसटून गेला असण्याची शक्यता असते. उलट टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये कॅल्साइटने बुजलेल्या भेगा खडकाला घट्ट चिकटलेल्या नसल्याने फ्रॅकिंगच्या वेळी, म्हणजे दाबाने द्रव सोडून खडक फोडताना, पुन्हा उघडू शकतात, आणि ते उपयोगाचं ठरतं. म्हणून वहीत जाडीच्या आधी दिशा, तंतू आणि कडेची पकड हे रकाने घेतलेत. माझ्या मते जाडी सर्वांत कमी बोलते.

पुढचं काम पातळ छेदाचं, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरजवळ ओएनजीसीच्या विहिरीत बॅरन मेझर्स नावाच्या थरातल्या शेलमधून वायू आला होता. त्या पट्ट्यातला शिरेसकटचा तुकडा कुणाकडे असेल तर कळवा. बदल्यात साताऱ्याचा चांगला स्टिल्बाइट देईन.