रेवदंडा ते राजपुरी : सलग किनारा मिळत नाही, तुकड्यांनी धावावे

रेवदंड्यापासून राजपुरीच्या धक्क्यापर्यंत समुद्राला लागून सलग धावत जाता येते, असे दाखवणारा एक नकाशा धावणाऱ्यांच्या गटांमध्ये बराच काळ फिरतो आहे. तो नकाशा चुकीचा आहे. सडकेने हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर भरते. नकाशातली रेघ काशीदच्या दक्षिणेला वाळूवरून गेलेली दिसते, पण प्रत्यक्षात तिथे कालवांच्या शिंपल्यांनी भरलेले खडक आहेत. या वाटेचे काही तुकडे मी रायगड जिल्ह्यात धावलेल्या सगळ्या वाटांपेक्षा सरस आहेत आणि काही तुकड्यांवर कोणीही धावू नये, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे. वाचणाऱ्याला वीस-एकवीस किलोमीटर धावण्याची सवय आहे, पाण्याची पिशवी पाठीवर घेऊन तो धावू शकतो आणि त्याचे बूट पायाला बसलेले आहेत, हे गृहीत धरले आहे.

बुटांच्याही आधी तिथी पाहावी. भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत धावणाऱ्याला फार उपयोगाची आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी चढलेले असते, तर पौर्णिमेला आणि अमावास्येला ते सव्वाअकराच्या सुमारास चढते. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. त्यामुळे पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतच्या सकाळी उजाडताना घट्ट, ओली आणि रुंद वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास सकाळी गेल्यास वरच्या भुसभुशीत वाळूतच पाय रुततात आणि पोटऱ्या भरून येतात. सुट्टीच्या तारखा पाहून बेत आखणाऱ्यांनी आधी पंचांग उघडावे.

रेवदंड्याच्या उत्तरेचा, अलिबागकडून येणारा अष्टागरातला भाग सोपा आहे. आक्षी ते नागाव हा काळसर, घट्ट वाळूचा किनारा सकाळी सात वाजण्यापूर्वी उत्तम असतो. त्यानंतर नागावला पर्यटकांच्या गाड्या आणि खेळांची वाहने वाळूवर उतरतात. आक्षीचा शिलालेख शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते, म्हणून तिथे थांबावे. चौलच्या आतल्या गल्ल्यांतून रामेश्वराच्या देवळापर्यंत जावे आणि दम असेल तर दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढाव्यात. मात्र ‘नारळी-पोफळीच्या गर्द सावलीतून’ असे जुने वर्णन वाचून टोपी घरी ठेवू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या वाड्यांची झाडे मोठ्या संख्येने पडली, आणि नारळ-सुपारीची वाडी दोन-चार वर्षांत पुन्हा उभी राहत नाही. नऊनंतर या गल्ल्यांत जागोजागी थेट ऊन लागते.

रेवदंड्याला मुख्य सडक पोर्तुगीज कोटाच्या आतून जाते. सातखणी मनोऱ्याचे अवशेष आणि समुद्राकडची तटबंदी पाहून कुंडलिकेच्या पुलाशी थांबावे. पूल अरुंद आहे आणि पलीकडे साळावला अवजड ट्रकांची वर्दळ असते. ट्रक शेजारून जातो तेव्हा माणसाला अंग चोरून उभे राहावे लागते. पुलावरून खाडीचे मुख आणि कोर्लईचा डोंगर सुंदर दिसतो, हे मला मान्य आहे; तरीही रेवदंडा ते कोर्लई फाटा हा भाग एस.टी.ने किंवा मिनीडोर रिक्षाने पार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. धावण्याचा हिशेब पूर्ण करण्याच्या हट्टापायी तिथे उतरू नये.

कोर्लई मात्र धावतच करावे. कोळीवाड्यातून वाळत घातलेल्या मासळीच्या कडेने दीपगृहाकडे जाणारी वाट एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर घेऊन जाते. दीपगृहामागच्या पायऱ्यांनी किल्ल्यावर चढले की पुढचा सगळा किल्ला डोंगराच्या अरुंद कण्यावर एका रेषेत पसरलेला दिसतो. एकामागून एक दरवाजे, पडक्या चर्चच्या भिंती, तोफा, खाली एकीकडे कुंडलिका आणि दुसरीकडे खुला समुद्र असलेल्या त्या कण्यावरून सकाळच्या वाऱ्यात धावताना मला जो आनंद झाला, त्याच्यासाठी बाकीचा सगळा त्रास मी पुन्हा सोसेन. मराठ्यांनी हा किल्ला १७४० मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, पण गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरात पोर्तुगीज वळणाची बोली आजही बोलली जाते. वर पाण्याचा भरवसा धरू नये, पाण्याच्या बाटल्या खालूनच भरून न्याव्यात. गवत वाढलेले असताना पायऱ्यांचे दगड दिसत नाहीत, त्यामुळे उतरताना धावू नये.

आता काशीद ते नांदगाव. ज्या तुकड्यासाठी हे लिहायला घेतले तो हाच. काशीदची पांढरी वाळू छायाचित्रात मोहक दिसते. धावण्यासाठी ती मऊ आहे आणि किनारा पाण्याकडे उतरता आहे, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागते. हे सोसता येते. खरी अडचण वाळू संपते तिथे सुरू होते. नकाशानुसार मी टोकाच्या खडकांवर उतरलो, कारण पुढे ‘ओहोटीला पायवाट’ असल्याचे त्यावर नोंदवलेले होते. तशी पायवाट तिथे नाही. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा इतक्या धारदार आहेत की तोल सावरायला हात टेकला आणि तळहात चिरला. दोन खडकांमधल्या घळीत पाणी वाढू लागले, वरच्या अंगाला करवंदाच्या जाळ्या होत्या. कालवे काढून परतणाऱ्या एका बाईंनी मला पाहून सांगितले, “दादा, पाणी चढायला लागलंय, इथून पुढं आम्हीपण जात नाही. आता वर जा.” जाळ्यांतून वाट काढत सडक गाठेपर्यंत एका किलोमीटरला जितका वेळ लागला, तितक्या वेळात एरवी माझे सात-आठ किलोमीटर होतात. या खडकांची नोंद न करता तिथे रेघ ओढणे हा निष्काळजीपणा आहे, आणि तो कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतो.

सडकेचा पर्यायही सुट्टीच्या दिवशी घेऊ नये. काशीदपासून पुढे वळणे आणि चढ-उतार आहेत, साइडपट्टी जवळजवळ नाही आणि शनिवारी सकाळी आठनंतर मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्यांची रांग लागते. समोरून येणारा चालक समुद्राकडे पाहत असतो, हे मी वळणावळणावर अनुभवले. मंगळवार ते गुरुवार, उजाडल्यापासून दोन तासांत हा भाग संपवता येत असेल तर धावावे. एरवी काशीदला एस.टी. धरून नांदगावला उतरावे. यात कमीपणा नाही. कडेच्या डोंगरात फणसाड अभयारण्य आहे, १९८६ मध्ये जाहीर झालेले. जवळची वाट म्हणून परवानगीशिवाय त्यात शिरू नये.

नांदगावला सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. ‘ग्रहलाघव’ लिहिणारे गणेश दैवज्ञ याच गावचे. १५२० च्या त्या ग्रंथावर पुढे कित्येक पिढ्या पंचांगे गणली गेली. ज्या तिथीवरून भरतीची वेळ काढायची, तिचे गणित सोपे करणारा माणूस याच किनाऱ्यावर राहिला, याचे मला तिथे उभे असताना फार अप्रूप वाटले.

मुरूडचा किनारा सपाट आणि घट्ट आहे, समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो; त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. एकदऱ्याचा पूल ओलांडल्यावर राजपुरीकडे जाणारी सडक चढू लागते. चढ अंगावर येतो, पण माथ्यावर जंजिरा अचानक पूर्ण दिसतो. पाण्यातून थेट उठलेला तो तट पाहिल्यावर तो १९४८ पर्यंत सिद्दींकडेच का राहिला, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. राजपुरीला न थांबता आगरदांड्याच्या दिशेने पुढे जावे. खोकरीला सिद्दी नवाबांच्या दगडी कबरी आहेत. सिरूलखानाच्या घुमटावरचे कोरीवकाम जवळून पाहण्यासारखे आहे. राजपुरी ते खोकरी या भागात वाहने कमी आणि झाडी बरी असल्याने थकलेल्या पायांनाही तो मानवतो. मुरूड ते खोकरी आणि परत हा या संपूर्ण पट्ट्यातला सर्वांत चांगला धावमार्ग आहे, आणि एकच सकाळ हाताशी असेल तर हाच निवडावा.

शेवटी पैशांविषयी. राजपुरीला शिडाच्या होडीचे तिकीट काढल्यावर होडीतच एक जण माहिती सांगू लागतो आणि किल्ल्याच्या दारात माणशी वेगळे पैसे मागतो. मी दिले, कारण घामाने भिजलेल्या अवस्थेत वाद घालण्याची ताकद उरली नव्हती. ती रक्कम होडीच्या भाड्याहून जास्त होती आणि सांगितलेली माहिती कामचलाऊ होती. होडीत बसण्यापूर्वी एकूण किती द्यायचे आणि किल्ल्यात किती वेळ मिळणार, हे सर्वांसमोर विचारून घ्यावे. पावसाळ्यात या होड्या बंद असतात. राजपुरीहून मुरूडला परतताना रिक्षावाल्याने धावण्याचे कपडे पाहून दुप्पट भाडे सांगितले. थोडे चालत पुढे गेल्यावर दुसरी रिक्षा रीतसर भाड्यात मिळाली. मुरूडला एस.टी.चे आगार असल्याने अलिबागकडे गाड्या आहेत, पण रविवारी दुपारनंतर उभे राहायलाही जागा मिळत नाही. म्हणून रविवारी धावणाऱ्याने अकराच्या आत आगारात पोहोचावे, कोरडा सदरा बरोबर ठेवावा आणि शहाळे आगाराबाहेर न घेता आधी गावातच प्यावे. तिथे ते स्वस्त मिळते.