आवर्तन बंद झालं त्या दिवशी

9 जानेवारी, रात्रीचे साडेनऊ, माहेरी

पहाटे पाचला भावाच्या मोटरसायकलच्या आवाजाने जाग आली. रात्री दोनची पाळी होती त्याची, चारीचं पाणी गव्हाला भरून आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल, कानाला मफलर, ओट्यासमोर शेकोटीत पऱ्हाट्या सारत म्हणाला, "अक्का, आवर्तन बंद व्हयनं. नदीनं पानी उतरी राहिनं." आवर्तन म्हणजे धरणातून शेतीसाठी ठरावीक दिवस सोडतात ते पाणी. त्याचा गहू भिजला होता म्हणून तो निवांत, आणि माझ्या पोटात एकदम कसंतरीच झालं, कारण तीन दिवस मी ज्या पाण्यात उभी राहत होते ते आता जाणार होतं. चहा न घेताच मासे धरायची काठी उचलली आणि निघाले. आई मागून ओरडत होती, आजारी पडशी ना माय म्हणून.

आमचं गाव गिरणा धरण आणि जामदा बंधारा यांच्या मधल्या पट्ट्यात. धरण 1969 सालचं, मातीचं, उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी, हा आकडा आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतो कारण पावसाळाभर घराघरात एकच विचारणा, धरण किती टक्के झालं. रब्बीला पाणी सोडतात तेव्हा एक पाणी पांझण कालव्याने जातं आणि एक नदीतूनच जामद्यापर्यंत, तिथून पुढे ते कालव्यांना लागतं. म्हणजे हिवाळ्यात आमच्या गावाजवळ गिरणा वाहते ती धरणाने सोडली म्हणून वाहते, आणि सोडायची थांबली की खडकांमधे डोह तेवढे राहतात. लहानपणापासून हे बघितलंय पण कधी विचार केला नव्हता. विचार करायला शिकवलं ते दुसऱ्याच एका धरणाखालच्या नदीने.

ते लिहायचंच आहे आज. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी दोन हिवाळे अमेरिकेत न्यू मेक्सिकोत फार्मिंग्टनला होते. पहिला हिवाळा फार वाईट गेला, कोणी ओळखीचं नाही, गाडी नीट येत नाही, दुपारी चारलाच सगळं सामसूम. शेजारच्या एक वयस्क बाई एकदा म्हणाल्या, चल माझ्याबरोबर नदीवर. मला वाटलं फिरायला. तर त्यांनी मला रबरी छातीपर्यंतची पँट चढवली आणि जानेवारीत सरळ नदीत नेऊन उभं केलं, बाहेर उणे दहा अंश आणि पाण्यातून भसाभसा वाफ निघत होती.

सॅन हुआन नदी, वर नवाहो धरण, 1962 साली पूर्ण झालेलं, तेही मातीचंच, चारशे फुटांच्या वर उंच. त्या धरणाचं पाणी तळाकडून सोडतात. पाणी 4 अंशाला सगळ्यात जड असतं म्हणून खोल तलावात गार पाणी खाली बसतं, उन्हाळ्यात वर कितीही तापलं तरी तळ गारच राहतो, आणि हिवाळ्यात वर कितीही कडाका पडला तरी तळ गोठत नाही. म्हणून धरणाखाली नदी बारा महिने साधारण 5 ते 7 अंशाच्या आसपास. गाळ सगळा तलावात बसलेला, त्यामुळे पाणी इतकं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात पायाखालचा खडा दिसतो. ट्राउट नावाच्या माशाला असं पाणी मानवतं. पण तो मासा तिथला मूळचा नाही, धरणाआधी ती नदी उन्हाळ्यात कोमट आणि गढूळ असायची, धरण झाल्यावर हे मासे आणून सोडले आणि ते रुजले. आणि जे खरे तिथले, कोमट गढूळ पाण्यात वाढणारे, त्यांचं या गार पाण्याने नुकसानच झालं. हे त्या बाईंनीच सांगितलं मला, पहिल्याच दिवशी, मासा दाखवायच्या आधी. ते मला फार आवडलं होतं.

तिथे हा मासा धरतात तो फ्लायवर, आता फ्लाय म्हणजे काय ते सांगते कारण वहिनीने पण विचारलं. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, आकड्यावरच दोरा, पीस, बारीक तार गुंडाळून खोटा किडा करतात. हिवाळ्यात तिथे मिज नावाच्या चिलटांशिवाय फारसं काही नसतं, म्हणून किडा पण चिलटाएवढाच, आकडा 24 नंबरचा, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, शेवटचा दोरा 0.13 मिलिमीटर जाडीचा. माशाचं रक्त गार, थंडीत त्याचं पचन मंदावतं, तो तळाशी संथ पाण्यात उभा राहतो आणि आपल्या नाकासमोरून जे वाहत येईल तेवढंच घेतो, वीतभर पण हलत नाही. म्हणजे तो किडा अगदी त्याच्या तोंडासमोरून, पाण्याच्याच वेगाने, दोऱ्याचा जराही ताण न लागता जायला पाहिजे. दोरा जरा जरी ओढला गेला तरी त्याला कळतं. आणि त्याने घेतलं तर झटका वगैरे काही नाही, वरचं तरंगणारं बोंड नुसतं क्षणभर थबकतं. बस. तेवढ्यावर काठी उचलायची. मला पहिला मासा लागायला पाच रविवार लागले. काठीच्या कड्यांमधे बर्फ जमायचा, ती दर दहा मिनिटांनी पाण्यात बुडवून मोकळी करायची, बोटं बधिर. घाईने भल्या पहाटे जाण्यात अर्थ नाही हे पण तिथेच कळलं, ऊन वर आल्यावर, अकरा ते तीन, तेव्हा चिलटं उठतात आणि मासे खातात.

धरल्यावर सोडून द्यायचा, तिथे धरणाखालच्या पहिल्या पट्ट्यात नियमच आहे, आकड्याला उलटा काटा पण चालत नाही. आणि एवढ्या थंडीत मासा पाण्याबाहेर उचलायचाच नाही, गोठणाऱ्या हवेत त्याचे कल्ले गोठू शकतात. पाण्यातच धरून आकडा काढायचा, तोंड प्रवाहाकडे करायचं, तो स्वतःहून निघतो. हाताखालून तो जाताना जे वाटतं ते मला मराठीत पण सांगता येत नाही नीट. त्या पहिल्या हिवाळ्यात मी त्या माशामुळे तगले हे मात्र खरं.

भाऊ म्हणाला होता, मग हिमाचलला जा की, तिथे पण ट्राउट आहेत. आहेत, पण तिथे 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत धरायला बंदी असते, अंडी घालायचा काळ. बरोबरच आहे ते. म्हणून मी या थंडीत माहेरी काठी घेऊन आले, गिरणेत ट्राउट नाही हे माहीत असून.

तर आज सकाळी. मोबाईलवर 9 अंश, नदीवर पोचले तर धुक्यासारखी वाफ, अगदी तशीच! पाण्यात हात घातला तर कोमट. थर्मामीटर टाकला, 21. म्हणजे इथे वाफेचं कारण तेच, हवा गार आणि पाणी ऊबदार, आकडे तेवढे वेगळे. काठावर आधी एक काडी खोचली. त्या बाई पण नदीत उतरायच्या आधी काठचा एखादा दगड हेरून ठेवायच्या, पाणी चढतंय की उतरतंय ते कळावं म्हणून, धरणाखाली कधी पाणी वाढेल सांगता येत नाही. मी तेव्हा त्यांना सांगितलं होतं की माझी आजी धुणं धुताना हेच करायची, पाण्याच्या कडेला काडी. आज काडी खोचून दोरा लावेपर्यंत ती बोटभर कोरड्यात आली होती.

परवा मी तळातले दगड उलटे करून बघितले होते, त्याबद्दल लिहायचं राहिलं. दगडाखालच्या चिखलात रक्तासारख्या लाल अळ्या, बारीक, वळवळणाऱ्या. ओळखल्याच मी. सॅन हुआनला जिची नक्कल आकड्यावर बांधायची तीच जात, चिलटांच्याच अळ्या, चिखलात हवा कमी म्हणून त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, तो लाल रंग त्याचा. लहानपणी आम्ही त्यांना नुसत्या लाल अळ्या म्हणून पायाने ढकलायचो. डोळ्यात पाणी आलं माझ्या तिथे, एवढ्या लांब जाऊन जे शिकले ते इथे घराखाली दगडाखाली होतं. मग रात्री आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेऊन तसाच किडा बांधला.

त्याच लाल दोऱ्याच्या किड्यावर आज साडेदहाला डोहाच्या तोंडाशी बोंड थबकलं. चिलापी, हातभर पण नाही, पंजाएवढी. ही पण बाहेरून आलेलीच जात, आफ्रिकेची. भाऊ तोवर आंघोळ करून बघायला आला होता, मी पाण्यातच आकडा काढून सोडली तर तो बघतच राहिला. "सोडीच देनं शे, त धरस कसाले?" मी त्याला खूप वेळ समजावलं, किडा कसा वाहतो ते दाखवलं, काठी त्याच्या हातात दिली. त्याने दोनदा टाकून बघितली आणि म्हणाला, हे पाणी भरण्यासारखंच आहे, वाफ्याच्या तोंडाशी उभं राहून बघत राहायचं. हो रे, अगदी तेच!

अकरानंतर पाणी दिसेल असं उतरायला लागलं. काल जिथे मांडीपर्यंत होतं तिथे घोटा. खडकांचे माथे वर आले, ओले काळे, आणि मधल्या खोलगट जागी डबकी सुटी पडली. त्यात मासे. बोटबोटभर पिल्लं, थोडी शिंगाडी, झिंगे. प्रत्येक आवर्तनानंतर असंच होतं, पोरं टोपली घेऊन येतात, भिल्ल वस्तीवरचे आप्पा जाळं घेऊन येतात, आणि त्यात काही चूक नाही, ते त्यांच्या ताटात जातं. पण बोटभर पिल्लाचं कोणी काय करणार, ती नुसतीच उन्हात मरतात.

सॅन हुआनवर खालच्या भागातल्या त्या मूळच्या माशांसाठी धरणातून बारमाही ठराविक पाणी चालू ठेवतात. आम्हाला अठरा टीएमसीतलं गव्हाचं पाणी नको आहे, भावाच्या रात्रीच्या पाळीचं मोल मला कळतं, पण आवर्तन बंद करताना एकदम बंद न करता दोन-तीन दिवसांत हळूहळू कमी केलं तर मासा पाण्याबरोबर डोहात उतरतो. एवढंच मागणं आहे माझं. पाणी वापर संस्थेच्या बैठकीत हे बोलशील का म्हणून भावाला विचारलं, तो हसला नाही, म्हणाला बोलीन.

मग दुपारभर आम्हीच हाताने पिल्लं डोहात पोचवली. भाच्यांना बोलावलं, दोन बादल्या, माझी जुनी ओढणी. ओढणीची दोन टोकं पोरांनी धरायची, डबक्यातून सरकवत न्यायची, पिल्लं बादलीत, बादली डोहात. धाकटी मोजत होती, दोनशेच्या पुढे तिचे आकडे चुकले. आप्पांनी बघितलं, मोठे त्यांनी घेतले आणि लहान स्वतःच आमच्या बादलीत टाकले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी वहिनीने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती, हाताला चिखलाचा वास येत होता तरी तसंच जेवलो सगळे.

येताना सकाळची काडी बघितली, पाण्यापासून चार हात लांब उभी होती. वरच्या अंगाला, बाभळीखाली अजून एक मोठं डबकं राहिलंय, अंधार पडला म्हणून तिथपर्यंत गेलो नाही. भाच्यांना सांगितलंय, उद्या शाळेच्या आधी, सहाला.