ते गाणं अजून यूट्यूबवर का नाही

मेलबर्नच्या डॅन्डेनाँग उपनगरातल्या हॉलमध्ये गाणाऱ्या त्या दक्षिण सुदानी बाईंचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, हे मेलबर्नच्या आपल्या मंडळींना कसं कळलं देव जाणे. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, टाकत का नाहीस यूट्यूबवर? प्रश्नाच्या पोटात दुसरा असतो: विकायचा बेत आहे की काय? नाही. साउंडच्या कामाचेच पैसे वेळेवर मिळत नाहीत, गाणी कुठे विकू?

ओव्यांचा दाखला ठरलेला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा झाल्या, आज त्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात, मग हे का नको? हा दाखला मीच पूर्वी लोकांना द्यायचो. पुण्याहून आलो तेव्हा माझं ठाम मत होतं की जे टेप झालं नाही ते मेलं. पण ओवीतली सासू बहुतेक वेळा कुणाचीही सासू असू शकते. डिंकांच्या, म्हणजे बाईंच्या गुरं पाळणाऱ्या जमातीच्या, गाण्यात येतो तो अमक्याचा मुलगा तमका, नावानिशी, आणि त्याने कुणाच्या गाई बुडवल्या तेही त्यातच.

तरुण डिंका मुलगा वयात आला की त्याला एक बैल मिळतो. नांगराला जुंपायचा नव्हे, मिरवायचा. मालकाला लोक त्या बैलाच्या रंगावरून हाक मारतात, नाचताना तो दोन्ही हात शिंगांसारखे वर धरतो आणि बैलावर गाणं रचतो किंवा रचून घेतो. (स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी जॉन गरांग द मबिओर, त्यांच्या नावातही पांढरा बैलच आहे.) ते गाणं नुसतं बैलाचं कौतुक नसतं. भाऊबंदकी, अडलेलं लग्न, न मिळालेली गुरं, सगळं त्यात येतं. रचणारा कुणीही असो, गाणं मालकाचं. दुसऱ्याने गायलं तरी त्याचंच.

बाईंच्या भावाचं असंच गाणं. भाऊ युद्धात गेला. 1991 मध्ये दक्षिण सुदानातल्या बोर या डिंकांच्या गावावर हल्ला झाला तेव्हा माणसं मारली गेली आणि गुरंही लुटली गेली, त्यात भावाचा पांढरा बैलही. बाई केनियातल्या काकुमाच्या छावणीत पोचल्या त्या गाणं पाठ करूनच.

9 जुलैचा, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम होता. हॉलमधला हीटर बंद, लोक जाकिटं घालून बसलेले. मी मिक्सरवर. बाईंनी ढोल थांबवायला सांगितला आणि नुसत्या टाळ्यांवर भावाचं गाणं धरलं. म्हाताऱ्या बायका मधून मधून हुंकार देत होत्या, दोन आजोबा हात वर करून उभे राहिले. मला भाषा येत नाही, मी आपला आवाजाच्या पट्ट्या बघत होतो. मध्येच एका कडव्याला हॉल हसला. हसला म्हणजे चांगलाच हसला. गाणं संपलं तशी तिशीतली एक मुलगी थेट माझ्या टेबलापाशी आली आणि अस्सल मेलबर्नी इंग्रजीत म्हणाली, ते पुसून टाक.

हसू आलं ते कडवं तिच्या वडिलांवर होतं. बहिणीच्या लग्नातल्या गाई त्यांनी कबूल केल्या आणि दिल्या नाहीत, असं भावाने गाण्यात घातलेलं. वडील इथिओपियाच्या वाटेवर वारले, तेव्हा ती लहान होती. "माझ्याकडे त्यांचा फोटो नाही, एक कागद नाही. त्यांचं नाव फक्त या गाण्यात आहे, आणि तिथे ते बुडवे आहेत." मागून बाई आल्या. नातवाने मध्ये उभं राहून दोन्हीकडचं सांगितलं. बाईंचं म्हणणं एवढंच की गाणं भावाचं आहे, एक शब्द बदलायचा मला अधिकार नाही, आणि गाई खरोखरच आल्या नव्हत्या. मुलगी रडत नव्हती. ती थरथरत होती. मी पुसतो म्हणालो नाही, पुसणार नाही असंही म्हणालो नाही. केबल गुंडाळत बसलो.

महिन्याभराने तिचाच फोन. तेवढं कडवं मिळेल का? गाडीत ऐकायचंय. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

आता तुम्ही सांगा. तेव्हाचा मी म्हणेन, बाई स्वतः हो म्हणतात ना, मग तू कोण अडवणारा? खरंच आहे. बाई दर माइक चेकला विचारतात, टाकलंस का? त्यांच्या मते चारचौघांत नाव घेण्यासाठीच गाणं असतं, ज्याला झोंबलं त्याने उलटं गाणं रचावं, गुरांच्या तळावर असंच चालायचं. मी म्हणालो, मेलेला माणूस काय रचणार? त्या म्हणाल्या, मुलगी आहे ना? तिला डिंका अर्धीच कळते, हे सांगितल्यावर त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या जणू ती माझीच चूक.

माझं ऐकून घेतल्यावर मंडळातला एक जण म्हणाला, तेवढं कडवं कापून टाक की. कापता येईल, दोन मिनिटांचं काम. मग ते गाणं कुणाचं राहील, बाईंच्या भावाचं की माझं?

ती मुलगी हल्ली बाईंकडे जाते म्हणे. शिकायला की भांडायला, ते दोघींपैकी कुणी मला सांगितलेलं नाही. तोवर फाइल माझ्याकडे आहे, एक कॉपी घरी आणि एक माझ्या भावाकडे पुण्यात. यूट्यूबवर नाही.