दौरा अर्ध्यावर सोडून घरी

शनिवार, १४ डिसेंबर, रात्रीचे साडेअकरा

आजही रियाझ झाला नाही. तबला गवसणीतच आहे. गेले तीन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोलतोय. निमित्त अगदी लहान. अंतरा संपवून समेवर येताना मी लय ओढते असं याचं, माझ्या नवऱ्याचं, म्हणणं, आणि हाच ठेका चढवतो असं माझं. पण लयीचं भांडण जेवणाच्या ताटापर्यंत आलं की ते लयीचं राहत नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमाला महिना उरलाय.

सकाळी मी एकटीच फिंडले मार्केटला भाजी आणायला गेले. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटीत आल्यापासून शनिवारी तिथे जोडीनंच जायची आमची रीत. त्या वस्तीचं नाव ‘ओव्हर द ऱ्हाइन’. एकोणिसाव्या शतकात इथे जर्मन लोक येऊन राहिले. गावातून जाणारा मायामी-ईरी कालवा ओलांडून घरी जायचं, म्हणून त्यांनी कालव्यालाच ऱ्हाइन म्हणायला सुरुवात केली. कालवा कधीच बुजला, त्याच्यावर आता मोठा रस्ता आहे, पण नाव टिकलं. लाल विटांच्या त्या उंच, अरुंद घरांखालून पिशवी घेऊन चालताना मला कॅरन आणि लिनफर्ड आठवले. संध्याकाळपासून त्यांचंच ऐकत बसलेय.

कॅरन बर्गक्विस्ट आणि लिनफर्ड डेटवाइलर. १९८९ साली त्यांचा बँड सुरू झाला आणि वस्तीचंच नाव त्यांनी बँडला दिलं. तेव्हा ते चौघं होते, गिटारवर रिक होर्डिन्स्की आणि ड्रमवर ब्रायन केली. कॅरन गाते, गिटार वाजवते. लिनफर्ड पियानोवर. गाणी दोघंही लिहितात. अमेरिकन लोकगीत, चर्चमधली भजनं, थोडा रॉक आणि नंतर नंतर जॅझसुद्धा, असं ते मिसळलेलं आहे. मला त्यात सगळ्यात जवळचा वाटतो तो तिचा श्वास. शब्द उच्चारण्याआधी ती क्षणभर थांबते आणि ती थांबलेली जागासुद्धा गाण्यात धरलेली असते. हे शिकवून येत नाही.

कारकीर्द म्हणावी तर ती सरळ वर चढत गेलेली नाही. आय.आर.एस. नावाच्या, गाण्यांचे अल्बम काढणाऱ्या कंपनीनं त्यांना घेतलं, १९९४ साली ‘ईव्ह’ हा अल्बम आला, आणि १९९६ मध्ये कंपनीच बंद पडली. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. त्याच वर्षी ‘गुड डॉग बॅड डॉग’ही आला. घरी ध्वनिमुद्रित केलेली गाणी, कंपनी नाही, स्वतःच काढलेली, स्वतःच विकलेली. आणि लोकांनी नेमकी तीच उराशी धरली. चौघांचे हळूहळू दोघं उरले. मधल्या काळात काउबॉय जंकीज या दुसऱ्या बँडबरोबरही त्यांनी साथीला दौरे केले. नाव मागे ठेवून दुसऱ्याच्या मैफलीत साथ करणं सोपं नसतं. तबलजीची बायको असल्यामुळे मला ते माहीत आहे.

मला खरं लिहायचंय ते २००३ सालाबद्दल. ‘ओहायो’ हा दोन तबकड्यांचा मोठा अल्बम तेव्हा आला. इतक्या वर्षांच्या मेहनतीला फळ धरायची वेळ. दौरा सुरू झाला, आणि दौऱ्यातच त्यांना कळलं की आपलं लग्न तुटायला आलंय. वर्षानुवर्षं गाडीतून फिरताना सगळं गाण्यांना दिलं होतं, घराला काही उरलं नव्हतं. त्यांनी उरलेले कार्यक्रम रद्द केले आणि घरी गेले. रोज संध्याकाळी वाइनची बाटली स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायची आणि ती संपेपर्यंत बोलायचं, एवढंच ठरवलं. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय.

रद्द केलेल्या कार्यक्रमाचं ओझं काय असतं ते मला ठाऊक आहे. आयोजकांना तोंड दाखवायचं, तिकिटं काढलेल्यांना सांगायचं. आणि त्यांचं तर पोटच त्यावर. ऐन बहरात झाड सोडून मुळाशी खणायला बसायचं म्हणजे छातीच लागते.

त्या टेबलावरून ‘ड्रंकर्ड्स प्रेयर’ निघाला. २००५ साली. तो त्यांनी घरच्या दिवाणखान्यातच ध्वनिमुद्रित केला. वाद्यं थोडकी. ऐकताना वाटतं आपण दाराशी उभे आहोत आणि आत दोन माणसं हळू आवाजात बोलतायत. समेटाचा आनंद त्यात मोठ्यानं सांगितलेला नाही. दमलेल्या माणसांचा तो आवाज आहे, आणि त्यावर माझा विश्वास बसतो. भांडण मिटल्यावर माणूस असाच बोलतो, अजून थोडं जपून.

पुढचं थोडक्यात. २००७ चा ‘द ट्रम्पेट चाइल्ड’ जॅझकडे झुकलेला. २०११ च्या ‘द लाँग सरेंडर’साठी पैसे श्रोत्यांनी आधीच भरले, आणि तो अल्बम झाला जो हेन्री या संगीत-निर्मात्याच्या कॅलिफोर्नियातल्या घरातल्या स्टुडिओत. म्हणजे पुन्हा घरच. २०१३ मध्ये एकोणीस गाण्यांचा ‘मीट मी ॲट द एज ऑफ द वर्ल्ड’.

मधे शहर सोडून ते ओहायोतल्याच खेड्यात एका जुन्या शेतघरात राहायला गेले होते. लिनफर्डच्या वडिलांनी सांगितलं, शेताच्या कडा रानटीच राहू द्या, पाखरांना लपायला जागा हवी. २०१३ च्या त्या अल्बममध्ये ते शेत जागोजागी आहे. आता तिथेच त्यांचा संगीतमहोत्सव भरतो आणि श्रोतेच त्यांच्या दारी येतात. आमच्या कोकणातल्या घराच्या कुंपणाला आजोबांनी करवंदीची जाळी कधी तोडू दिली नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, बुलबुल कुठे जातील?

तीस वर्षं झाली तेव्हा, २०१९ साली, ‘लव्ह अँड रेव्हलेशन’ आला. तीस वर्षं एकाच माणसाबरोबर लय धरायची, आणि तीच लय घरीही.

आम्ही तर वर्षातून तीन-चार कार्यक्रम करतो, हौसेनं. तरीही या तीन दिवसांत मी याला एकदाही विचारलं नाही की तू दमलायस का. ऑफिसातून सातला येऊन आठला तबल्यावर बसतो. ठेका चढतो तो घाईनं, आणि घाई कशाची, ते मी विचारायला हवं होतं. मी फक्त मात्रा मोजल्या.

उद्या आयोजकांना फोन करून आमचा अर्धा तास दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं का? मनात आलंय खरं. पण हे एकटीनं ठरवायचं नाही.

खालच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे. जाते.